चौथ्या फळीवरचा हात

भांडण नळावर सुरू झालं आणि वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं. मी आत तांदूळ निवडत बसले होते. मालनचं बिऱ्हाड आणि आमचं बिऱ्हाड यांच्यामध्ये नुसता पत्रा. त्यामुळे कान लावायची गरज नव्हती. कान बंद करायची मात्र काही सोय नव्हती.

"मी काहीच म्हणत नाही," चाळीतली वसुधा म्हणत होती, आणि बरंच काही म्हणत होती. "पण काल संध्याकाळी तुमच्या सुनेनं माझ्या मिहिरची दृष्ट काढली. तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. आणि दिवेलागण झाली नाही तो पोर तापानं फणफणलं. आता तुम्हीच सांगा मावशी."

"काय सांगू?" हा मालनच्या सासूचा आवाज. देवगडची बाई, बंदरावर ऐकू जाईल असंच बोलायची. "पोराक घेवन उन्हातान्हात फिरतंस, आणि ताप इलो की माझ्या सुनेच्या हाताक नाव ठेवतंस? तिच्या हातचा कालवण बरा लागता ना तुका? वाटी घेवन येतंस ना?"

"कालवणाचं वेगळं, मावशी. ज्या बाईला स्वतःला मूल नाही, तिनं दुसऱ्याच्या..."

वसुधा तिथंच थांबली. बोलायचं ते बोलून झालं होतं. नळ तेवढा वाहत राहिला.

मग सासूनं जे काही सुनावलं ते मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील. वसुधा कळशी अर्धी भरून निघून गेली. सासू भांडण जिंकून घरात आली, दार लावलं, आणि अगदी हळू, म्हणजे पत्र्यापलीकडे मला नीट ऐकू येईल इतक्या हळू, म्हणाली, "ह्या बघ मालन. परत कोणाच्या पोराक हात लावू नको. माका रोज रोज भांडूक जमाचा नाय."

बाहेर एक निकाल, घरात दुसरा. मालनकडून फक्त स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

मिहिरला दात येत होता. दात आला, ताप गेला. पण ही बातमी नळावर कुणी आणली नाही.

घाटकोपरला भटवाडीत डोंगराच्या पोटाशी आमची चाळ. सगळी कोकणातली माणसं. मालन लग्न होऊन आली तेव्हा तिच्या नवऱ्याची, चंद्रप्रकाशची, कुर्ल्याची गिरणी शेवटचे श्वास घेत होती. बारीक अंगाची, मोठ्या तळव्यांची बाई. तिला दृष्ट काढायचा भारी नाद. कुणाचं मूल न्हाऊन दारात बसलेलं दिसलं की दोन्ही तळवे त्याच्या डोक्यावरून, गालांवरून उतरवत आणायचे, मग आपल्या कानशिलांवर बोटं दाबून कडकड मोडायची. आम्ही सगळ्याच काढायचो. पण ती काढायची तेव्हा पोरं रडायची थांबत आणि डोळे अर्धे मिटून घेत. मांजराच्या पिल्लासारखी.

त्या भांडणानंतर ते बंद झालं. मूल जवळ आलं की तिचे हात पदराखाली जायचे. मुलांना काय कळतंय, ती मुद्दाम तिच्या अंगाला झोंबायची, आणि ही आपली भिंतीला टेकून हसत उभी. मी एकदा म्हटलं, "अगं, सासू गेली आता वरती, कोण विचारतंय?" तर म्हणाली, "वहिनी, हात वाईट की चांगला हे मला तरी कुठं ठाऊक आहे? उगाच कशाला कुणाच्या लेकरावर करून बघायचं?"

तेव्हा मला कळलं की वसुधाचं बोलणं वसुधा विसरली, सासू विसरली, मालननं मात्र ते उचलून घरात ठेवलं.

चंद्रप्रकाश गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कॉलेजात शिपाई म्हणून लागला होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि कॉलेजनं त्याच्या जागी मालनला घेतलं. आधी काचेच्या नळ्या धुवायचं काम. मग वनस्पतींच्या विभागात शर्मिष्ठा मॅडम आल्या. बोरिवलीच्या, ऑफिसातल्या माणसांच्या घरातल्या, वयानं लहान, चष्मा केसांत खोचून सगळीकडे चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी तळमजल्याची एक अडगळीची खोली मागून घेतली. खिडकी बुजवली. थंड हवेचं यंत्र बसवलं, भिंतीला लोखंडी फळ्या, प्रत्येक फळीच्या डोक्यावर गुलाबी-पांढऱ्या दिव्यांची रांग. आणि त्या खोलीची किल्ली मालनकडे आली.

मालन मला सांगायची ते मी स्वप्न ऐकावं तसं ऐकायची. आमच्या घरात ऊन म्हणजे सकाळी उंबऱ्यावर पडणारी हातभर पट्टी. आणि ही सांगते, तिथं दुपार आपण बटण दाबल्यावर होते.

एका सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन गेली. सुट्टी असली तरी झाडांना पाणी लागतंच. दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थबकले. बाहेर एप्रिलचं ऊन रटरटत होतं आणि आत दुसराच काहीतरी प्रहर चालू होता, ना सकाळ ना संध्याकाळ. भिंती गुलाबी, मालनचे पांढरे झालेले केस गुलाबी, माझ्या बांगड्या गुलाबी. यंत्र एका सुरात घुंई करत होतं. आणि फळ्यांवर शेकडो इवली इवली रोपं, जमिनीला चिकटून पानांची फुलं केल्यासारखी बसलेली. मोहरीच्या कुळातलं गवत आहे म्हणे. जगभरचे शास्त्रवाले त्याच्यावरच सगळे प्रयोग करतात, कारण ते लवकर मोठं होतं, लवकर फुलतं, लवकर म्हातारं होतं. त्याचं इंग्रजी नाव मालनच्या तोंडात बसत नसे. ती त्यांना माहेरवाशिणी म्हणायची. येतात, चार दिवस राहतात, जातात.

मॅडमही आल्या होत्या. त्यांनी मला कॉम्प्युटरवर त्याच रोपांचा सिनेमा दाखवला. चार-पाच दिवसांचं हलणं मिनिटभरात दाबून बसवलेलं. आपल्याला गप्प बसलेली दिसतात ती रोपं पानं वर घेतात, खाली घेतात, वर घेतात, खाली घेतात. निजलेल्या माणसाची छाती हलते तशी. मला बघता बघता डुलकी लागली असती.

मग दुसरा सिनेमा. दुसऱ्या कुठल्या देशात काढलेला. अंधारात एक रोप, त्याच्या एका पानाला अळी चावते, आणि चावल्या जागेपासून उजेडाची लाट निघते. देठातून खाली, मधून दुसऱ्या पानात, तिसऱ्या पानात. ज्याला कुणी शिवलं नाही ते पानही उजळून निघतं.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"निरोप गेला, आजी," मॅडम म्हणाल्या. "एका पानाला चावलं ते सगळ्यांना कळलं."

"आमच्या चाळीत पण असंच," मालन म्हणाली. "फक्त उजेड पडत नाही."

भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता. ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, इतक्या की डोळे फिरावेत. मला वाटलं रांगोळीचा नमुना. मालनलाही आधी तसंच वाटलं होतं. तो म्हणजे रोपाच्या पोटात कोण कोणाशी बोलतं याचा नकाशा. उजेड कमी झाला की हा ठिपका जागा होतो, तो त्याला सांगतो, तो दुसऱ्या दोघांना गप्प करतो, त्यातला एक मुळापर्यंत जातो. मी म्हटलं, "आणि या सगळ्यांत मोठं कोण? घरचा कर्ता?"

"कुणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तीच तर गंमत आहे."

त्यांचा प्रयोग मला मालनकडूनच कळला, चहा पिताना झालेल्या बोलण्यातून. मॅडमनी तिला विचारलं होतं, "मालनताई, जेवणात मीठ जास्त झालं तर काय करता?"

"हे होते तेव्हा यांना वाढायचे. आता पाणी पिते."

"आणि उकडलं तर?"

"पदरानं वारा घेते."

"आणि दोन्ही एकदम?"

"मग डोकं फिरतं, मॅडम."

"बस. त्या फिरलेल्या डोक्याचा अभ्यास आहे माझा."

"पण झाडाला डोकं कुठं असतं?"

"नसतं. म्हणून तर अभ्यास."

मला जसं कळलं तसं सांगते. झाडाच्या पानाला बारीक बारीक तोंडं असतात. उकाडा झाला की झाड ती उघडतं, म्हणजे वाफ जाते आणि पान गार राहतं. मुळाशी खारं पाणी आलं की झाड तीच तोंडं मिटून घेतं, म्हणजे आतलं पाणी जायला नको. आता उकाडा आणि खारेपणा एकदम आले तर बिचाऱ्यानं काय करावं? उघडावं तर तहान, मिटावं तर काहिली. मॅडमचं म्हणणं, तेव्हा झाड या दोन्हींची बेरीज करत नाही, तिसरंच काहीतरी करतं. सासूचं बोलणं एकटं आलं तर सून सोसते, कंबरदुखी एकटी आली तरी सोसते, दोन्ही एका दिवशी आली तर ती वेगळीच बाई होते. हे मला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

म्हणून खोलीत चार फळ्या. पहिलीला सगळं सुखाचं. दुसरीला खारं पाणी. तिसरीला गरम दिवे. चौथीला दोन्ही.

आणि चौथ्या फळीवरची रोपं खरंच वेगळी झाली. बाकीच्यांपेक्षा ठेंगणी, पानं जाड आणि गडद हिरवी, फुलायला उशीर करणारी, पण तग धरून. मॅडमना हेच हवं होतं. त्यांनी त्या ठेंगण्या रोपांवर मोठा लेख लिहिला आणि बाहेरदेशी छापायला पाठवला. मालनला पेढे दिले. मालननं मला अर्धा दिला.

त्याच सुमारास मालनचे डोळे आले. लालभडक, चिकट. मुंबईभर साथच होती. कॉलेजनं सांगितलं, बरं झाल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही. तिच्या जागी सुयोग नावाचा दुसरा शिपाई गेला. चांगला माणूस, पाणी मापून घालायचा. मालन इथं घरी डोळ्यांवर थंड पाण्याच्या घड्या ठेवून पडलेली आणि मला विचारते, "वहिनी, माहेरवाशिणींना चुकल्यासारखं होत असेल का गं?" म्हटलं, "तुझ्यापेक्षा सुयोग देखणा आहे. कशाला चुकल्यासारखं होईल?"

ती परत गेली तेव्हा चौथी फळी ओळखू येईना. रोपं उंच, लुकडी, पिवळी, माना टाकलेली. तिसरं काहीतरी करायचं सोडून ती सरळ मरायला लागली होती.

मॅडमनी खोली डोक्यावर घेतली. मिठाचा पुडा बदलला का? दिवे तपासा. यंत्राची हवा तपासा. माती कुठून आली? सुयोग घाम पुसत म्हणतो, "मॅडम, आईशप्पथ, मापाच्या बाहेर एक थेंब नाय घातला. मी काय केलं यार? मी तर त्यांच्याकडे नीट बघितलं पण नाय."

सगळं तपासलं, सगळं जागच्या जागी. नवी रोपं लावली. यावेळी पाणी पुन्हा मालनकडे. मॅडम एका सकाळी नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि दाराला काचेची चौकट आहे तिथून आत बघत उभ्या राहिल्या.

मालननं पहिल्या फळीला पाणी घातलं. दुसरीला, तिसरीला. चौथीला घातलं. मग झारी खाली ठेवली, दोन्ही तळवे चौथ्या फळीवरच्या रोपांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेले, पानांना लागतील न लागतील असे, आणि कानशिलांवर बोटं मोडली. पुन्हा दुसऱ्या ओळीवरून. पुन्हा बोटं.

मॅडम आत आल्या. "मालनताई, हे रोज करता?"

"काय?"

तिला खरंच कळलं नव्हतं. हात तिचे होते, पण तिला विचारून चालत नव्हते.

"हे. हात फिरवणं."

मालननं हात पदराखाली घेतले. "करत असेन, मॅडम."

"सगळ्या फळ्यांना?"

"नाही. यांनाच. यांना जास्त सोसावं लागतं ना."

मॅडम खाली स्टुलावर बसल्या. मग त्या म्हणाल्या की झाडाला हात लागलेला कळतो. रोज रोज लागला तर ते वाऱ्याच्या जागी उगवल्यासारखं ठेंगणं राहतं, आवळून धरतं, कणखर होतं. म्हणजे चौथ्या फळीला दोन नाही, तीन गोष्टी मिळत होत्या. मीठ, उकाडा आणि मालन. आणि लेखात लिहिल्या होत्या दोनच.

संध्याकाळी मालन घरी आली ती स्वतःच्या दारात न जाता माझ्या उंबऱ्यावर बसली. पिशवी खांद्यावरच.

"वहिनी, ती म्हणत होती ते खरंच होतं."

"कोण ती?"

"वसुधा. माझा हातच वाईट. मॅडमचं एवढ्या वर्षांचं काम बुडालं."

"अगं, पण तुझ्या हातानं तर जगली ना रोपं? तू नव्हतीस तेव्हा मेली."

"जगली, पण खोटी जगली. त्यांनी आपापलं काय केलं असतं ते बघायचं होतं, मी मध्ये हात घातला." तिनं तळवे उलटे सुलटे करून पाहिले, भाजी निवडताना पान बघावं तसे. "पोराला लावला तर ताप. झाडाला लावला तर हे. काहीतरी आहे यात."

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार? एवढ्या वर्षांची गोष्ट, मी समजूत घालून जाणार होती थोडीच.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं किल्ली काढून घेतील. ती स्वतःच टेबलावर ठेवायला गेली. मॅडम म्हणाल्या, "उचला ती. चूक माझी आहे. मी खोलीतला उजेड मांडला, ऊब मांडली, पाणी, मीठ, सगळं मांडलं. खोलीत रोज येणारं माणूस मांडायचंच राहिलं." त्यांनी छापायला गेलेला लेख परत मागवला होता. डोळे रडलेले दिसत होते, पण मालननं ते साथीच्या खात्यात टाकलं.

मग नवा प्रयोग. उकाडा आणि खारं पाणी सगळ्याच रोपांना, पण त्यांचे चार भाग. एका भागाला कुणी हात लावायचा नाही. एकावरून मालननं हात फिरवायचा, जसा फिरवायची तसाच. एकावरून मऊ ब्रश फिरवायचा, चित्रं काढायचा असतो तसला. आणि एकावर छोट्या पंख्याचा झोत.

मॅडमना बघायचं होतं की झाडाचा तो ठिपक्यांचा नकाशा कसा बदलतो. मालनला बघायचं होतं दुसरंच, आणि ते फक्त मला माहीत होतं. हाताखालची रोपं ब्रशाखालच्यांपेक्षा वेगळी निघाली, तर तिच्या हातात काहीतरी होतं. चांगलं असो की वाईट, पण होतं. मग वसुधा खरी, सासू खरी.

त्या दिवसांत ती फार कमी बोलायची. मॅडमनी तिला खिशांचा पांढरा कोट दिला होता. ज्या रोपांना शिवायचं नाही त्यांच्यापाशी ती हात खिशात घालून उभी राहायची. सांगायची, "वहिनी, ती बघतात गं माझ्याकडे." म्हटलं, "डोळे नाहीत त्यांना." तर म्हणाली, "डोळे नाहीत, पण उजेड कळतो. समोर कोणी उभं राहून सावली पाडली तरी कळतं. मॅडम म्हणाल्या." ज्याला उजेड कळतो, सावली कळते, वारा, मीठ, हात, सगळं कळतं, त्याला डोळे नाहीत म्हणून आपण आपला मोठेपणा किती सांगायचा?

मला त्या दिवसांत एक स्वप्न वारंवार पडायचं. भटवाडीचा अख्खा डोंगर अंधारात, आणि एका खोलीत कुणी तरी एका पोराच्या गालावरून हात फिरवतं. तिथून उजेडाची लाट निघते आणि पायऱ्या पायऱ्यांनी, खोली खोली उजळत वर टेकडीपर्यंत जाते. माझ्या खोलीपर्यंत येते आणि मी जागी होते. उठून बघावं तर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पत्र्याच्या भोकातून आलेला.

निकाल आला तो दिवस मला मालनच्या चपलांवरून कळला. ती त्या घासत चालायची, त्या दिवशी टकटक वाजल्या.

"सगळे सारखे," ती दारातूनच म्हणाली.

"कोण सारखे?"

"हातवाले, ब्रशवाले, पंखावाले. सगळे सारखे ठेंगणे, सारखे कणखर. ज्यांना कुणी शिवलं नाही ते तेवढे लुकडे. मॅडमनी पट्टी लावून मापलं, नंतर पानं कुटून आतलं पण तपासलं. त्यांना शिवलेलं कळतं, वहिनी. कोण शिवलं ते कळत नाही."

"मग?"

"मग काय. मी मॅडमना विचारलं, म्हणजे माझ्या हातात काही नाही? त्या हसल्या. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. म्हणाल्या, नाही हो मालनताई, पण तुमच्यामुळेच तर सापडलं. मी म्हटलं, नको, तुम्ही आधी ते नीट सांगा, काही नाही ना? तर म्हणाल्या, काही नाही. वाऱ्यात असतं तेवढंच."

मी म्हटलं, "अगं, चांगला निघाला असता तर बरं नसतं का झालं? मॅडमनी लेखात लिहिलं असतं, मालनच्या हाताचा गुण."

"नको बाई. आज चांगला म्हटला की उद्या कुणी वाईट म्हणायला मोकळं. काही नाही तेच बरं." आणि ती आत येऊन माझ्या खाटेवर आडवी झाली, कधी नव्हे ते. पंख्याकडे बघत म्हणाली, "नुसता हात आहे गं. भांडी घासायचा."

तशीच तिला झोप लागली. मी अंगावर चादर टाकली.

मॅडमनी लेख नव्यानं लिहिला. भिंतीवरच्या रांगोळीत काही नवे ठिपके आले, स्पर्शाचे, आणि त्यांच्या रेघा मिठाच्या आणि उकाड्याच्या ठिपक्यांशी अशा गुंतल्या की मॅडम म्हणाल्या, आता एक ओढला की सगळं हलतं, पुढची दहा वर्षं मला पुरेल. लेखाच्या शेवटी आभार मानतात तिथं मालनचं नाव आहे. तिनं ते मला मोबाईलवर दाखवलं. इंग्रजी होतं. दोघींनी मान डोलावली.

पुढे त्या खोलीत स्पर्शाची एक फळी कायमची झाली. हातानं फिरवलं तर कधी जोर कमी, कधी जास्त, म्हणून मॅडमनी ब्रशच ठरवला. तो फिरवायचं काम मालनचं. मला वाटलं होतं तिला जिवावर येईल. नाही आलं. चाळीतलं मूल जवळ आलं की तिचे हात आता पदराखाली जात नसत, एवढं मी पाहिलं. ब्रशाचे केस झडले, राठ झाले की नवे आणायचे, तेही तिच्याकडेच. घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका शाळा-कॉलेजच्या सामानाच्या दुकानातून ती ते आणायची, एका परीक्षेवर: ब्रश गालाला लावून बघायचा, गुदगुल्या झाल्या पाहिजेत, टोचता कामा नये.

मालन माघात गेली. रविवारी दुपारी जेवून पडली ती उठली नाही. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. शर्मिष्ठा मॅडम आल्या, सुयोग आला, आणि चाळीतली पोरंटोरं, आता बाप झालेली, सगळी आली.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी तिच्याबरोबर होते. मला चष्म्याची दांडी बदलायची होती आणि तिला ब्रश घ्यायचे होते. दुकानदार गुजराती, वयस्कर, तिला बघून गल्ल्यावरूनच म्हणाला, "आओ मासी. तुमचा पेंटिंग अजून कंपलीट नाय झाला?"

"मोठं आहे, शेठ," मालन म्हणाली. "होतंय हळूहळू."

"एकदा दाखवा तरी आमाला."

"झालं की दाखवते."

तिनं डबा पुढे ओढला. एक ब्रश काढला, गालावर फिरवला, परत ठेवला. दुसरा फिरवला, ठेवला. तिसरा फिरवला आणि डोळे मिटून क्षणभर थांबली. मग तसल्या जातीचे आणखी निवडून घेतले, कागदात गुंडाळून मागितले, टोकं दुमडू नयेत म्हणून पिशवीत उभे ठेवले. शेठला म्हणाली, "बिल कॉलेजच्या नावानं करा." आणि मला म्हणाली, "तू हो पुढे वहिनी, मी मुलुंडला देऊन येते. सोमवारी सकाळी लागतील."

तिची बस आली. ती पिशवी छातीशी धरून चढली.